वासरांना बोट देणारी

बोलायला तोंड उघडायच्या आधी मावशीची उजव्या हाताची दोन बोटं पुढे यायची. अंगठ्याजवळचं आणि मधलं, जरा वाकवलेली, वरच्या बाजूला वळलेली. समोर वासरू असो, डॉक्टर असोत की दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर, बोटं आधी आणि शब्द नंतर. मग तिच्या लक्षात यायचं, की समोरचा माणूस काही ही बोटं चोखणार नाही. ती ओशाळून हसायची आणि हात पदराला पुसायची. पहिल्या दिवशी तिनं माझ्यासमोर अशी बोटं धरली तेव्हा मला वाटलं, ही तंबाखू मागते आहे. मी खिसे चाचपायला लागलो.

"तंबाकू न्हाई खात मी, भाऊ," ती म्हणाली. "हाताला सवय हाय."

ही सवय कुठून आली ते सांगायचं तर आधी आमच्या फार्मबद्दल सांगायला हवं. एकोणीसशे सत्तरच्या आगेमागची गोष्ट आहे. देवळाली प्रवराच्या अलीकडे, कालव्याच्या पाण्यावर ऊस पोसणाऱ्या पट्ट्यात, संकरित गाईंचा एक फार्म नुकताच उभा राहिला होता. मी तिथं स्टॉकमन म्हणून लागलो. स्टॉकमन म्हणजे डॉक्टरांच्या खालचा आणि गवळ्यांच्या वरचा. दोन्हीकडून बोलणी खाणारा. मी शेवगावकडचा. आमच्याकडे अंघोळीचं पाणीसुद्धा झाडाला घालतात, आणि इथं पाटाच्या पाण्यानं गोठे धुतात हे बघून सुरुवातीला माझा जीव वरखाली व्हायचा.

फार्मची रीत अशी, की वासरू जन्मलं की त्याला आईपासून तोडायचं आणि उचलून वासरांच्या गोठ्यात न्यायचं. आईचा चीक बादलीत काढायचा आणि वासराला बादलीतूनच पाजायचा. गाय वासराशिवाय पान्हा सोडायला शिकते आणि वासराच्या पोटात किती दूध गेलं तेही कळतं. पुस्तकात हे फार सोपं लिहिलेलं असतं. पण वासराला जन्मतः एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे मान वर करून आचळ शोधायचं. बादली असते खाली. मान खाली घालून प्यायला त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची, ते चोखायला लागलं की हात हळूहळू दुधात बुडवायचा. बोटांच्या फटीतून दूध तोंडात जातं. मग केव्हातरी बोटं काढून घ्यायची, वासराला कळणार नाही अशी.

मी एकदा करून बघितलं. वासरानं बोटं चावली, बादलीला ढुशी दिली आणि सगळं दूध माझ्या बुटात गेलं. हुसेनभाई म्हणून आमचा जुना गवळी होता. तो गाईखालून मान न उचलता म्हणाला, "सायब, आता बुटातूनच पाजा."

हे काम करायला गावातून कुणी येईना. आईपासून लेकरू तोडायचं म्हणजे पाप, असं बायका उघड बोलायच्या. मावशी आली ती लांबून, श्रीगोंद्याकडून. एकटीच आली, एक गाठोडं घेऊन. तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. नावानं तिला कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. वय पस्तिशीच्या आतबाहेर असेल, पण दिसायची पन्नाशीची. पेंडीच्या कोठीमागं एक खोली होती, ती तिला दिली. तिनं गाठोडं खोलीत ठेवलं आणि जी वासरांच्या गोठ्यात शिरली ती तिथलीच झाली.

सतत दुधात आणि लाळेत राहून तिची ती दोन बोटं बाकीच्या हातापासून वेगळी झाली होती. हात काळा, भेगाळलेला. ती दोन बोटं मात्र पांढुरकी, मऊ, नखं झिजलेली. आडदांडातलं आडदांड वासरू तिच्यासमोर आलं की निवायचं. "घे बाय, घे. हितंच हाय तुझी आई," असं ती पुटपुटायची, आणि वासरू डोळे मिटून चोखायला लागायचं. कुणी तिच्या लुगड्यावर शेण टाकलं, कुणी मूत उडवलं, तरी तिचं एकच म्हणणं, "असू द्या, लेकराचं हाय." एकदा एका खोंडानं शेपटीचा असा फटका मारला की शेणाची रेघ तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उमटली. मी हसलो. तीही हसली, आणि तेच म्हणाली.

माणसांत ती रमत नसे. क्वार्टरमधल्या बायका दुपारी निवडणं-टिपणं घेऊन बसायच्या. त्यांच्यात तिला कधी पाहिलं नाही. भाकरी ती गोठ्याच्या मधल्या वाटेवर, भिंतीला पाठ टेकून खायची. दोन्ही बाजूंनी वासरं माना बाहेर काढून उभी. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याविषयी सगळे चांगलंच बोलतात आणि ज्यांच्याकडे कुणी जात नाही. तशी ती होती.

वसुबारसेला मात्र तिला बाहेर यावं लागलं. पूजा असते ती वासरासकट गाईची, आणि आमच्या फार्मवर गाई एकीकडे, वासरं दुसरीकडे. बायका ताटं घेऊन खोळंबल्या. शेवटी मावशीनं एक तांबडी कालवड आणली आणि तिच्या आईजवळ उभी केली. गाईनं कालवडीला हुंगलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. मग तोंड फिरवून ती गव्हाणीतलं खायला लागली. कालवडीनंही आईकडे पाहिलं नाही. ती मान वळवून मावशीची बोटं शोधत होती.

बायकांनी पूजा उरकून घेतली. कुंकू लावायला एक सवाष्ण मावशीकडे वळली आणि मधेच थांबून दुसरीकडे गेली. ही नवऱ्यानं टाकलेली आहे हे तोवर सगळ्यांना कळलेलं होतं. मावशीनं ते पाहिलं की नाही कोण जाणे. ती कालवडीला परत नेत होती.

"वळखलं न्हाई तिनं लेकराला," ती मला म्हणाली. "तिचा काय दोष. बघितलंच न्हाई कवा."

त्या हिवाळ्यात गाई भराभर व्यायल्या. वासरांचा गोठा भरून गेला, आणि मग रोग आला.

आधी एक वासरू दूध प्यायला उठलं नाही. अंग तापलेलं, डोळे आत गेलेले, शेपटीखाली पिवळं पाणी. वासरांना हगवण काही नवी नसते. पण या हगवणीला असा वास होता की गोठ्यात पाऊल टाकताच तो घशात बसायचा. दुसऱ्या दिवशी पाण्यात रक्त आणि आतड्याच्या चिंध्या दिसल्या, आणि वासरू गेलं. मग त्याच्या शेजारचं. मग समोरच्या ओळीतली दोन. काहींचे गुडघे सुजले, काही नुसतीच जिभा बाहेर काढून धापा टाकत पडली. आम्ही रोज सकाळी गोठ्याचं दार उघडायला भ्यायचो. हुसेनभाई खड्डे खणायचा. मावशी प्रत्येक मेलेल्या वासराचं तोंड पदरानं पुसल्याशिवाय त्याला उचलू द्यायची नाही.

आमचे डॉक्टर मुंबईला शिकलेले, उंच, तरुण आणि तोंडानं फटकळ. जनावराशी जितक्या मायेनं वागायचे तितक्याच तुसडेपणानं माणसांशी. त्यांनी मेलेल्या वासराचं काळीज आणि आतडं बर्फात घालून पुण्याला पाठवलं. उत्तर आलं, साल्मोनेला. एका जंतूचं नाव. आतड्यात राहतो, शेणातून पडतो, तोंडावाटे दुसऱ्याच्या पोटात जातो. ते म्हणाले, "आला कुठून ते नंतर बघू. फिरतो कसा ते आधी शोधायला पाहिजे."

सकाळच्या दुधाच्या वेळी डॉक्टर गोठ्यात एक पाटी पालथी घालून बसले. नुसते बघत राहिले. मी मागं उभा. मावशी बादली घेऊन आली आणि सरळ कोपऱ्यात पडलेल्या कालवडीकडे गेली. वसुबारसेची तीच तांबडी कालवड. तिची नजर सदानकदा बावरलेली असायची म्हणून मावशी तिला कावरी म्हणायची. आता तिला मानही उचलवत नव्हती. मावशीनं मांडीवर तिचं डोकं घेतलं, बोटं तोंडात दिली, चमचाभर, घोटभर करत तिला पाजलं. कावरीनं निम्मं दूध तोंडातून परत सोडलं. मग मावशी उठली, तीच बादली, तीच बोटं घेऊन पुढच्या आजाऱ्याकडे गेली. आणि आजारी संपल्यावर, सगळ्यांत शेवटी, उड्या मारणाऱ्या धडधाकट वासरांकडे.

"मावशी," डॉक्टरांनी विचारलं, "आधी आजारी का?"

"मंग? आजारी लेकराला आधी द्याया नगं? चांगली हायेत ती दम धरत्यात."

"आणि उरलेलं दूध?"

"टाकायचं व्हय? पुढच्याला देते."

"हात मधे धुतला नाही?"

तिला प्रश्नच कळला नाही. "दुधाचाच हाय की हात," ती म्हणाली.

डॉक्टर उठले. ते तिच्याशी बोलले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याशी बोलले, ती समोर उभी असताना. "सापडलं. हिची बोटं. आजाऱ्याच्या तोंडातून निघतात आणि निरोग्याच्या तोंडात जातात. आपण औषधं देतोय आणि ही हातानं रोग वाटतेय."

मी मावशीकडे पाहिलं. तिची बोटं नेहमीसारखी पुढे आलेली होती. तिनं ती मुठीत घेतली, मूठ पदरात घेतली आणि पदर पोटाशी धरला. बादली तशीच ठेवून ती गोठ्याबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. वासरं हंबरून हंबरून घसा बसवून घेत होती. मी तिच्या खोलीवर गेलो. ती उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. चूल पेटलेली नव्हती. उजवा हात अजून पदरातच होता.

"मावशी, चला. डॉक्टर रागाच्या भरात बोलले."

"रागाचं न्हाई भाऊ. खरं बोलले." मग ती म्हणाली, "हे मला पैल्यांदा न्हाई कुनी सांगितलं."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. तिची दोन लेकरं गेली होती. थोरला रांगत होता. धाकटी नुसती माणूस ओळखून हसायला लागली होती. दोघंही हगवणीनं, एकाच पावसाळ्यात, एकामागं एक. "आधी थोरला पडला. त्याला भरवायचे, पुसायचे, तसंच उठून धाकटीला घ्यायचे. कोन हुतं दुसरं करनारं?" सासू म्हणाली, हिच्या हातात काळ आहे. नवऱ्यानं दुसरी केली. ही भावाकडे आली, तर नवी आलेली भावजय तोंडानं काही बोलली नाही, पण हिच्या हातचं पाणी घेईना. हिला समजलं आणि ही निघाली.

"वासरांना काय ठावं नसतं म्हनून हितं आले," ती म्हणाली. "तर हितं बी त्येच. सासू अडानी हुती, भाऊ. पन ह्यो तर शिकल्याला डाक्टर हाय. त्यो बी म्हनतो, माझ्या हातानं मरत्यात."

खरं सांगतो, मला डॉक्टरांचा इतका राग आला की मी तसाच त्यांच्याकडे गेलो आणि जे ऐकलं ते सगळं त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. वरच्या माणसाशी मी आयुष्यात तेवढं एकदाच तसं बोललो. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. टोपीसुद्धा न घेता ते बाहेर पडले, आणि मी त्यांच्या मागोमाग.

मावशीच्या खोलीच्या पायरीवर, मातीत, ते बसले. कडक इस्त्रीची पँट होती. मावशी गडबडून उठायला लागली तर म्हणाले, "बसा. माझं ऐका." आणि त्यांनी स्वतःचे दोन्ही हात तिच्यासमोर धरले. "काल मी मेलेलं वासरू फाडलं. हे हात न धुता मी गोठ्यात गेलो असतो तर माझ्या हातानं वासरं मेली असती. या स्टॉकमनच्या हातानंही मेली असती. हाताचा दोष नाही मावशी. हाताला जे लागतं त्याचा दोष आहे. ते दिसत नाही एवढंच. धुतलं की जातं."

"धुतल्यानं जातं?"

"जातं."

"समदं?"

"साबण लावून, लाल औषधाच्या पाण्यात बुडवून नीट धुतलं तर जातं."

तिनं पदरातून हात काढला. उलटासुलटा करून पाहिला. परक्याचा हात पाहावा तसा पाहिला. "नुसतं धुतल्यानं," ती स्वतःशीच म्हणाली. मला वाटलं तिला हलकं वाटलं असेल. तेवढ्यात तिनं मान वर केली.

"मंग तवा का न्हाई कुनी सांगितलं, डाक्टरसायब?"

पायरीवर आम्ही तिघं बसलो होतो आणि तिकडे गोठ्यात वासरं ओरडत होती. थोड्या वेळानं तीच उठली आणि म्हणाली, "चला. उपाशी हायेत ती."

त्या दिवसापासून फार्मची रीत उलटी झाली. आधी धडधाकट वासरांना पाजायचं, आजाऱ्यांना शेवटी. प्रत्येकाची बादली वेगळी, सोड्याच्या उकळत्या पाण्यात धुतलेली. दारात फिनेलनं भिजवलेली पोती, जमिनीवर चुना. आणि आजारी वासरं तिथून हलवून कालव्यापलीकडच्या जुन्या चाऱ्याच्या शेडमध्ये. जो माणूस तिकडे जाईल त्यानं रोग आटोपेपर्यंत इकडे यायचं नाही, अशी डॉक्टरांची अट. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"मी जाते तिकडं," मावशी म्हणाली. "मला कुटं इकडं कोन हाय."

ती गेली. मी रोज सकाळी कालव्याच्या या काठाला दूध, औषधं, पीठमीठ ठेवायचो आणि मागं सरायचो. मग ती फळीवरून येऊन घेऊन जायची. पिवळ्या गोळ्या कशा द्यायच्या, मीठ-साखरेचं पाणी किती वेळानं पाजायचं, ते मी ओरडून सांगायचो. ती तिकडून दोन बोटं वर करायची. म्हणजे समजलं.

"कावरी कशी आहे?" मी ओरडायचो.

"हाय. कान हलवती."

एकदा मात्र ती पीठ घ्यायला आली आणि तिथंच खाली बसली. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "भाऊ, आता ती बोटं घेईनात." साबणानं आणि लाल पाण्यानं तिची ती मऊ बोटं तडकली होती, तपकिरी पडली होती, आणि त्यांना औषधाचा वास यायला लागला होता. वासरं तोंडाशी बोट आलं की मान फिरवायची. "वास आला की तोंड फिरवत्यात. वळखत न्हाईत मला." डॉक्टरांनी तिला आचळासारखं रबरी बोंड लावलेल्या बाटल्या पाठवल्या. बाटल्यांनी काम भागलं. पण त्या दिवशी ती काठावर बसली होती तशी मला अजून दिसते. ज्या हातांवर तिचं सगळं आयुष्य उभं होतं ते आता स्वच्छ होते आणि कुणाला नको होते.

रोग हटला. अलीकडच्या गोठ्यात नवं वासरू आजारी पडेनासं झालं. पलीकडे मात्र काही गेली, काही जगली. कावरी जगली. गुडघा थोडा जाड राहिला, बाकी डोळे तेच, बावरलेले.

मावशी परत आली तेव्हा तिच्या गोठ्यात सगळी वासरं तसल्याच रबरी बोंडाच्या बादल्यांवर वाढलेली होती. ती पहिल्या वासरासमोर गेली आणि बोटं पुढे केली. वासरानं हुंगलं आणि बादली शोधायला मान वळवली. ती दुसऱ्याकडे गेली, तिसऱ्याकडे गेली. हुसेनभाई माझ्याशेजारी उभा होता. एरवी त्याला कुठल्याही गोष्टीवर काहीतरी बोलायचं असायचं. तो विडी पेटवायला म्हणून बाहेर निघून गेला.

त्याच सुमाराला तिचा भाऊ आला. शेतावरचा भोळसर माणूस. आला तो गोठ्याच्या दारातच उभा राहून डोकं खाली घालून बोलला. "आक्का, पोरगी झालीया. घरात दुसरं बाईमानूस न्हाई. तुझ्या भावजयीनंच धाडलंय मला. चल म्हनती."

मावशीच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगू शकत नाही. ती खोलीकडे गेली आणि लगेच परत आली.

"येते. पन कावरी संगं येनार."

कावरीचं काय करायचं हा प्रश्न डॉक्टरांपुढेही होताच. बऱ्या झालेल्या वासराच्या पोटात तो जंतू लपून राहू शकतो, महिनोन्‌महिने, आणि मधूनच शेणातून बाहेर पडतो. तिला कळपात घेता येणार नव्हतं. मारून टाकावी, असाच विचार चालला होता. मावशीनं मागितल्यावर डॉक्टर म्हणाले, "न्या. पण नीट ऐका. तिला एकटी बांधायची. तिच्याजवळ लहान मूल जाता कामा नये. तिला हात लावला की धुवायचा, मगच घरातल्या कामाला लागायचं."

"धुतल्यानं जातं न्हवं समदं?"

"जातं," डॉक्टर म्हणाले. मग खरं बोलायची सवय आडवी आली असावी. "बहुतेक जातं."

त्या एका शब्दापाशी ती जराशी थांबल्यासारखी वाटली. मग तिनं मान हलवली. साखर कारखान्यावरून रिकाम्या परतणाऱ्या उसाच्या ट्रकमध्ये भावानं आणि हुसेनभाईनं कावरीला चढवलं. मावशी तिच्या गळ्याशी बसली. लाल औषधाचे दाणे मी तिला पुडीत बांधून दिले होते, ते तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. ट्रक हलला तेव्हा तिनं आम्हाला दोन बोटं दाखवली.

पुढे दुष्काळ पडला, कालवा आटला, फार्म अर्धा झाला. डॉक्टरांची बदली झाली. मीही लसीकरणाच्या कामावर गावोगाव फिरायला लागलो. त्या फिरण्यात श्रीगोंद्याकडचं तिच्या भावाचं गाव आलं तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून मी त्यांच्या वस्तीवर गेलो.

भावजय घरात होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं घोंगडी टाकली, पाणी दिलं. "आक्का गेल्या," ती म्हणाली. "माघात. ताप आला, तीन-चार रोजात आटपलं."

पाण्याचा तांब्या माझ्या हातातच राहिला.

अंगणाच्या पार टोकाला, बांधाच्या कडेला, लिंबाखाली एक छप्पर होतं. त्याच्याशेजारी कावरी बांधलेली होती, भरलेली, मोठी, एका पायावर भार कमी देणारी. छपराच्या दारात एक मातीची परात उपडी पडली होती.

"तितंच ऱ्हायच्या," भावजय सांगायला लागली. "आल्या तशा तितंच उतरल्या. मी म्हनलं, आक्का, चुकलं माझं, आत या, ही तुमचीच पोर हाय. तर उंबऱ्यापतूर बी येईनात. म्हनायच्या, मी कावरीचं करती, माझं हात तिला लागत्यात." ती बोलता बोलता थांबली आणि पदरानं नाक पुसून पुन्हा बोलायला लागली. "दुष्काळात पोरीला हगवन लागली. निम्मं गाव पोरं पुरत हुतं. आक्का अंगनाच्या त्या टोकाला उभ्या ऱ्हायल्या आन् मला वरडून सांगत ऱ्हायल्या. आदी हात धू. पानी उकळ. मीठ घाल, साखर घाल. चमच्यानं पाज. पुन्ना हात धू. दोन दिस त्या तितनं हालल्या न्हाईत. पोर वाचली. मी पाया पडाया गेले, तर मागं सरल्या."

"पण हात धुतले की जातं, हे त्यांना माहीत होतं," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"मी बी त्येच म्हनले. रोज त्या लाल पान्यात हात बुडवता, मंग घ्या की पोरीला. तर म्हनल्या, दोन गेल्यात माझ्या हातातनं. तिसऱ्या लेकरावर परीक्षा न्हाई बघायची मला." भावजयीनं बांधाकडे पाहिलं. "आदी आमीच त्येंना लांब ठिवलं हुतं. मंग बोलावलं, तर त्या येईनात."

मला तिथं बसवेना. जेवून जा म्हणून ती आग्रह करत होती, पण मी उठलो. तेवढ्यात घराच्या आडून एक मुलगी बाहेर आली. तीन-एक वर्षांची, परकरातली, तेलानं चोपून केस बांधलेली. मला बघून ती अंगणाच्या मध्यावर थांबली. आणि तिनं उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली, जरा वाकवलेली, वरच्या बाजूला वळलेली.

"आत्या बांधावरनं बोटं दावायच्या, ही हितनं," भावजय म्हणाली. "तिला वाटतं, मानूस आलं की असंच करत्यात."

मीही माझी दोन बोटं पुढे केली आणि खाली बसून तिला जवळ बोलावलं. ती हसली, पण आली नाही. मी पुन्हा बोलावलं, तर बोटं तशीच धरून ती एक पाऊल मागं सरली. माया करायची ती एवढ्या अंतरावरूनच, असं तिला शिकवलेलं होतं.